खिडकीकडचं आणि कपाटाकडचं

आमच्या वरच्या मजल्यावर कॅप्टन राहतात. त्यांच्या घरात डावं आणि उजवं हे शब्द कुणी वापरत नाही. तिथे खिडकीकडचं असतं आणि कपाटाकडचं असतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाई, साखर तुमच्या कपाटाकडच्या हाताशी आहे," आणि जन्मभर मुलांना नकाशे शिकवलेली मी, माझ्या दोन्ही हातांकडे पाळीपाळीनं बघत बसले.

कारण अगदी साधं आहे. वहिनींना डावं-उजवं कळत नाही. बाकी सगळं कळतं. त्या टपाल कचेरीत पत्रं लावण्याचं काम करत, आणि त्यांच्या हातून पत्र चुकीच्या खणात गेलेलं कुणाला आठवत नाही. पण त्यांच्या डोक्यात ते खण डावे-उजवे नसायचेच. पंख्याकडचा, खांबाकडचा, साहेबांच्या खोकल्याकडचा, अशी त्यांची नावं. टॅक्सीत बसल्या की "उजवीकडे घ्या" म्हणतात आणि हात डावीकडे दाखवतात. त्यांना ओळखणारे टॅक्सीवाले हात बघतात. नवे टॅक्सीवाले शब्द ऐकतात, आणि मग वहिनींना उगाचच शहर बघायला मिळतं.

कॅप्टन हे नाव आमच्या इमारतीनं ठेवलेलं. ते कशाचेच कप्तान नव्हते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. "लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं, एवढंच आयुष्यभर केलं," असं ते सांगतात, "पण एकालाही मध्ये सोडलं नाही." थोडे वाकलेले खांदे, कानामागे पेन्सिल, आणि बोटांवर कायम कसल्यातरी चिकट पदार्थाचा पापुद्रा. बोलताना ते तो सोलत असतात.

विमानांचं वेड त्यांना कामावरच लागलं. तरुणपणी एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत ते काम करत होते. वारा खायला बाहेर आले तर समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक हातभर लांबीचं पिवळं विमान घिरट्या घालत होतं. खाली मैदानात कुणीतरी माणूस रिमोट घेऊन उभा होता. "त्या विमानानं माझ्याकडे वळून बघितलं," असं कॅप्टन आजही शपथेवर सांगतात. ते तसेच जिन्यानं धावत खाली गेले, कारण लिफ्ट त्यांनीच खोलून ठेवली होती. खाली पोचेपर्यंत माणूसही गेला होता आणि विमानही. कॅप्टन त्याला शोधत मैदानामागच्या सगळ्या गल्ल्या फिरले. वरच्या मजल्यांवरच्या साहेबलोकांनी त्या दिवशी पायी चढून हाशहुश करत कामं केली.

मग त्यांनी स्वतःच विमानं बांधायला घेतली. पहिलं उडालंच नाही. दुसरं उडालं पण परत आलं नाही. तिसरं परत आलं, पण शेजारच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीत. त्यानंतर किती झाली याचा हिशेब त्यांनीही ठेवला नाही. बाल्सा नावाचं एक लाकूड असतं, इतकं हलकं की हातात घेतल्यावर आपल्यालाच संशय येतो. त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या, माशाच्या काट्यांसारखा सांगाडा चिकटवायचा, त्यावर कागदासारखी फिल्म ताणून इस्त्री फिरवायची, आत छोट्या मोटारी, तारा, इंजिन. महिने जातात. आणि मग ते एका सकाळी मैदानावर नेऊन जमिनीवर आपटायचं. हे शेवटचं वाक्य वहिनींचं.

त्यात थोडं तथ्य होतं. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला कॅप्टन एक मोठी पिशवी नेत. तुकडे भरून आणायला. ती पिशवी वहिनींनीच शिवून दिली होती, चांगल्या जाड कापडाची, दोन बंद लावून.

कॅप्टन खऱ्या विमानात एकदाच बसले, वहिनींसोबत. पोचेपर्यंत ते खिडकीतून पंखाकडे बघत होते आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोणती पट्टी का हलली ते समजावत होते. "आता वळणार," असं ते आधी सांगायचे आणि विमान वळायचं. परतीच्या प्रवासात वहिनींनी वेगळी रांग मागून घेतली.

हे सगळं गमतीचं होतं. गंमत नव्हती ती फक्त टेबलाची.

वहिनींचे वडील सुतार होते. मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं आठ जणांचं जेवणाचं टेबल करून दिलं, खुर्च्यांसकट. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कॅप्टननी त्यावर "दोन दिवसांसाठी" एक पंख वाळत ठेवला. ते दोन दिवस काही संपले नाहीत. पंख गेला तर धड आलं, धड गेलं तर शेपूट आलं. घरातली माणसं सोफ्यावर, पलंगाच्या कडेवर, खिडकीत ताट टेकवून जेवली. त्यांच्या मुलीचा सगळा अभ्यास इस्त्रीच्या टेबलावर झाला. ती आता इमारतींचे आराखडे काढते आणि म्हणते, "आई, माझ्या रेघा सरळ येतात त्या तिथल्या सवयीनं, जरा हललं की टेबल मिटायचं ना."

मागच्या वर्षी ही मुलगी आमच्या शहरात बदलून आली. जावई, दोन नातवंडं आणि जावयाचे आईवडील, सगळं बिऱ्हाड आलं. दर रविवारी सगळ्यांनी वहिनींकडे जेवायचं ठरलं. वहिनींनी बोटं मोजली, आणि आठ आले. मी त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर कॅप्टनचं नवं विमान आकार घेत होतं. कॅप्टन आडवे झोपले तरी उरेल एवढा त्याचा पंख.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आठ माणसं आहेत. आठ खुर्च्या आहेत. मध्ये हे भिरभिरं आहे."

"हे शेवटचं," कॅप्टन म्हणाले.

"याच्या आधीचंही शेवटचं होतं. त्याच्या आधीचं तर अगदीच शेवटचं होतं, तुम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं."

"ते फिल्म चिकटवण्याच्या वासानं आलं होतं."

"बाई, तुम्ही साक्षीदार," वहिनी माझ्याकडे वळल्या. "हे विमान आकाशातून एका तुकड्यात खाली आलं, तर टेबल यांचं. पुन्हा कधी तोंडातून शब्द काढणार नाही. तुकड्यातुकड्यांत आलं, तर टेबल माझं."

"आणि थोडंसंच मोडलं तर?"

"थोडंसं मोडलं तर बाल्कनीत बसून चिकटवा."

कॅप्टननी बोटाचा पापुद्रा सोलत विचार केला आणि कबूल झाले. नंतर जिन्यात मला म्हणाले, "बाई, बाल्कनीत पंख मावत नाही हो. टेबल गेलं की सगळं गेलं." हसत म्हणाले, पण कठडा घट्ट धरून. वहिनींचंही तेच. त्यांना टेबल हवं होतं आणि ते का, हे त्या कुणाला समजावत बसल्या नसत्या. वडिलांनी आठ जणांसाठी केलेल्या टेबलावर आठ जण कधीच बसले नव्हते.

आता मला जे ठाऊक होतं आणि कॅप्टनना नव्हतं, ते सांगते.

कॅप्टनकडे संगणकावर विमान उडवायचा एक खेळ आहे. खराखुरा रिमोट तारेनं जोडायचा आणि पडद्यावरचं विमान उडवायचं. पडलं तरी खर्च नाही. ते संध्याकाळी त्यावर सराव करतात. दुपारी ते चष्मेवाल्यांच्या दुकानात असतात. चष्मेवाले त्यांचे मैदानावरचे मित्र, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. तर एका दुपारी मी वहिनींचा डबा परत द्यायला वर गेले. दार नुसतं लोटलेलं. आत वहिनी, मांडीवर मटारांची चाळणी, हातात रिमोट, आणि पडद्यावर एक विमान झाडावरून असं सुरेख वळत होतं की मी डबा घेऊन तशीच उभी राहिले.

"बाई, आधी दार लावा," त्या मागे न बघता म्हणाल्या.

विमान उतरलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. नव्या नवरीला कॅप्टननी एकदा मैदानावर रिमोट दिला होता. दांडी एकीकडे करायची तर त्यांनी दुसरीकडे केली, आणि विमान गवताच्या गंजीत शिरलं. त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. पण इतकी वर्षं तेच ते बघून बोटं शिवशिवत असणारच. एका दुपारी त्यांनी संगणक लावला, आणि पुन्हा तेच. दांडी इकडे केली की विमान तिकडे. शेवटी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "आई, तिथे उलटं करायचा एक चौकोन असेल, त्यावर टिचकी मार."

"मारली," वहिनी म्हणाल्या. "आता बघा कसं शहाण्यासारखं वागतं. माझं डोकं उलटं तर विमानही उलटं. दोघांचं जमलं."

"आणि कॅप्टन?"

"ते यायच्या आत मी ती खूण काढून टाकते. एकदा राहिली."

"मग?"

"संध्याकाळभर आपटत होते बिचारे. मला म्हणाले, आज हवा खराब आहे." आणि त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. "सांगू नका हं. इतकी वर्षं मी त्याला भिरभिरं म्हणतेय. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी शब्द दिला. त्यानंतर मी पुष्कळदा दुपारी मटार सोलायला वर जाऊ लागले. सोलायचे मी, उडवायच्या त्या.

इकडे मोठं विमान तयार होत आलं, आणि उड्डाणाच्या आधी घरातली तपासणी आली. ही तपासणी समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. विमानाच्या प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला एक हलती पट्टी असते. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची पट्टी वर गेली पाहिजे. लिफ्टच्या कामात कॅप्टनची जोडी असायची. एक वर मशीनपाशी बटण दाबणार, दुसरा खाली उभा राहून लिफ्ट कुठे गेली ते ओरडून सांगणार. दाबणाऱ्यानं स्वतः बघायचं नाही, कारण त्याला जे व्हायला हवं असतं तेच दिसतं. हा नियम कॅप्टननी घरी आणला. ते विमानाकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून रिमोट धरतात. वहिनी बघतात आणि सांगतात. आणि वहिनींनी सांगायचं म्हणजे डावं-उजवं नको, म्हणून खिडकी आणि कपाट. दाराकडे तोंड केलं की कॅप्टनच्या डाव्या हाताला खिडकी येते. टेबलावर विमानाचं नाक कायम दाराकडे, शेपूट भिंतीकडे. त्यामुळे दांडी खिडकीकडे केली की खिडकीकडची पट्टी वर. वर्षानुवर्षं हेच.

पण हे विमान एवढं थोरलं की त्याची उभी शेपटी भिंतीवरच्या फळीला अडली. कॅप्टननी ते उचललं, फिरवलं, आणि नाक फळीखाली सारलं. आता नाक भिंतीकडे, शेपूट दाराकडे.

"खिडकीकडे करतोय," पाठमोरे कॅप्टन म्हणाले.

"कपाटाकडचं वर गेलं," वहिनी म्हणाल्या.

"नक्की?"

"अहो, कपाट मला कळतं."

"उलटं जोडलं वाटतं मी." कॅप्टन वळले, वाकले, आणि दोन तारांच्या जागा एकमेकींशी बदलल्या. "आता?"

"आता खिडकीकडचं वर."

"बरोबर."

दोघंही खूश झाले. मीही झाले. कॅप्टननी तारा आधी अगदी बरोबर जोडल्या होत्या. टेबलावर विमान फिरलं होतं आणि खिडकी बिचारी होती तिथेच होती, हे आम्हा तिघांच्या तीन डोक्यांत आलं नाही. जन्मात एकही लिफ्ट उलटी न जोडणाऱ्या माणसानं आपलं सगळ्यात मोठं विमान नियमानुसार, साक्षीनं, तपासून उलटं जोडलं.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. गावाबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मागे एक लांबलचक गवताळ पट्टा आहे. एका टोकाला मोठं झाड, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड. वहिनी इतक्या वर्षांत दुसऱ्यांदाच आल्या होत्या. काखेत ती जाड कापडाची पिशवी, घडी करून.

"पिशवी कशाला?" कॅप्टन दुखावून म्हणाले.

"बसायला," वहिनी म्हणाल्या, आणि गवतावर ती पसरून बसल्या.

चष्मेवाले विमानाभोवती फिरून आले. अतिशय काटेकोर माणूस, स्वतःचा चष्मा मात्र कायम कपाळावर. "पट्ट्या तपासल्यास?"

"घरी तपासल्या. दोघांनी मिळून," कॅप्टन म्हणाले. त्या ‘दोघांनी’वर त्यांनी असा काही जोर दिला की चष्मेवाल्यांनी पुढे विचारलंच नाही.

इंजिन सुरू झालं. विमान गवतावरून धावलं, शेपूट उचललं, आणि उडालं. किती सोपं वाटलं ते. आमच्या डोक्यांवरून ते वर चढत गेलं, तांबडं, रुंद, एखाद्या सुखवस्तू माणसासारखं निवांत. कॅप्टनचं तोंड उघडं राहिलं होतं. मग वाऱ्याची झुळूक आली आणि विमान एका अंगावर कललं. कॅप्टननी सावरायला दांडी हलवली. विमान आणखी कललं. त्यांनी आणखी हलवली. विमान जवळजवळ पालथं झालं. त्यांनी दचकून हात काढला, आणि विमान आपलं आपण, अंग झटकल्यासारखं, सरळ झालं.

"हवा खराब आहे?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पिशवीवरून उठल्या.

कॅप्टननी पुन्हा करून बघितलं. हात लावला की विमान लोळे, हात काढला की सावरे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "उलटं आहे," ते म्हणाले. "पट्ट्या उलट्या जोडल्यात."

"शेपटीच्या पट्टीनं वळव," चष्मेवाले म्हणाले. "ती तरी सरळ आहे ना?"

ती सरळ होती. तिच्यावर विमान मोठ्या जहाजासारखं हळूहळू वळत राहिलं. पण उतरवायचं म्हणजे खाली यायचं, खाली वारा झाडावर आपटून फिरत होता, आणि प्रत्येक वेळी झुळूक आली की कॅप्टनचा अंगठा त्यांना न विचारता जुन्या सवयीनं चालायचा. एकदा पंखाचं टोक गवताला घासून गेलं. कॅप्टननी कसंबसं विमान वर काढलं.

"उलटं आहे असं समजून चालव ना," चष्मेवाले म्हणाले.

"समजतंय रे मला. बोटांना समजत नाही."

"इंधन किती आहे?"

"फार नाही."

आता बघा, वहिनींनी नुसतं बसून राहायचं होतं. पिशवी तयारच होती. विमान तुकड्यांत आलं की टेबल त्यांचं, आणि साक्षीदार शेजारीच. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या विमानाकडे बघत होत्या, आणि त्यांचे दोन्ही अंगठे पदराआड हलत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "द्या इकडे."

"अगं, आत्ता नको, आत्ता नको—"

"उलटं आहे ना? मग माझं आहे. द्या."

कॅप्टननी का दिला ते त्यांना अजून सांगता येत नाही. बहुतेक त्या स्वरात त्यांनी कधी ना म्हटलेलं नसावं. रिमोट वहिनींच्या हातात गेला. विमान झाडाच्या दिशेनं कलत चाललं होतं. वहिनींनी दांडी हलवली, आणि ते तांबडं धूड मुकाट्यानं सरळ झालं, वळलं, आणि झाडाला लांबून नमस्कार केल्यासारखं मागे फिरलं.

चष्मेवाल्यांचा चष्मा कपाळावरून घसरून आपण होऊन नाकावर बसला. "वहिनी, आता डावीकडे घ्या," ते म्हणाले. "डावीकडे."

"मला ते शब्द सांगू नका," वहिनी म्हणाल्या.

"तिला ते शब्द सांगू नकोस," कॅप्टनही म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांच्या खांद्याशी उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम बदलला. मशीनच्या खोलीतल्या जोडीदाराशी बोलताना तो असाच असणार. "झाडाकडे जरा. बास. आता शेडकडे. शेडकडे. येऊ दे. इंजिन कमी कर."

"केलं."

"वारा आहे. झाडाकडे किंचित."

"दिसतोय मला वारा. तुम्ही उंची सांगा."

"माणूसभर. कमरेएवढं. गुडघा. आता नाक जरासं वर, जरासं—"

विमान गवताला टेकलं, एक उडी मारली, दुसरी छोटी मारली, सरसर करत आलं, आणि अंथरलेल्या पिशवीपाशी येऊन थांबलं. इंजिन फटफट करून बंद पडलं. मग चष्मेवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मैदानावरचे बाकीचे विमानवाले धावत आले. वहिनी रिमोट छातीशी धरून उभ्या होत्या, नववधूसारख्या लाल होऊन.

"हे कुठे शिकलीस तू?" कॅप्टननी विचारलं.

"दुपारी."

"रोज?"

"मटार असतील त्या दिवशी."

कॅप्टननी तिच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी संगणकावर हवा खराब नव्हती."

"नव्हती," वहिनी म्हणाल्या.

कॅप्टन गवतात खाली बसले आणि हसायला लागले, ते त्यांना उठवून गाडीत घालावं लागलं तोवर हसतच होते.

गाडीत मात्र भांडण झालं. एवढं उलटं भांडण मी पाहिलेलं नाही.

"टेबल तुमचं," वहिनी म्हणाल्या. "एका तुकड्यात आलं. बोलले ते बोलले."

"माझं कसं? मी तर मोडतच होतो. तू उतरवलंस. टेबल तुझं."

"मला नको दान."

"दान कुठलं? तुझ्या वडिलांचं टेबल."

"आज आठवलं वाटतं वडिलांचं आहे ते."

"बाई," दोघंही एकदम म्हणाले, "तुम्ही सांगा."

मी शाळेत अशी पुष्कळ भांडणं सोडवली आहेत, पण त्यात प्रत्येकाला वस्तू स्वतःलाच हवी असायची. मी म्हटलं, ठरलं ते विमानाबद्दल ठरलं होतं, ते कुणी उतरवायचं याबद्दल नाही. शब्दाप्रमाणे टेबल कॅप्टनचं.

"ठीक," कॅप्टन म्हणाले. "माझं झालं ना? मग आता मी ते हिला दिलं. माझ्या टेबलाचं मी काय करायचं ते मी ठरवीन."

वहिनींनी मांडीवरच्या पिशवीची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "तुम्ही कुठे बसणार मग?"

"बघू."

त्या आठवड्यात दोघांनी मिळून टेबल घासलं. चिकटपणाचे थर, रंगाचे डाग, इस्त्रीचे चटके, सगळं निघता निघेना. खालून लाकूड वर आलं ते फिकट, मधासारखं. वहिनी त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मला वाटत होतं ते काळपट आहे. बाबांनी एवढं उजळ ठेवलं होतं, विसरूनच गेले मी." कॅप्टन घासायचे थांबले. मग आधीपेक्षा जोरानं घासू लागले.

रविवारी आठ जण आठ खुर्च्यांवर बसले. मी कोपऱ्यात स्टुलावर. वहिनी जेवताना तीनतीनदा उठून लांबून टेबलाकडे बघून येत होत्या. जावयाच्या आईंना वाटलं त्यांना काहीतरी वाढायचं राहिलंय. मोठं विमान सोफ्यामागे उभं होतं. चष्मेवाले म्हणाले होते, दोन तारांचं काम आहे, सुलटं करून देतो. वहिनींनी त्यांना हात लावू दिला नाही. ते विमान आता फक्त त्यांनाच उडवता येतं. कॅप्टनही त्याला हात लावत नाहीत. मैदानावर त्याला ‘वहिनींचं उलटं’ म्हणतात.

दोनेक महिने टेबल टेबलासारखं राहिलं. मग एका दुपारी मी वर गेले तर त्यावर बाल्साच्या पट्ट्या पसरलेल्या. मी कॅप्टनकडे रागानं बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी नाही हो बाई. तिचं आहे."

वहिनींनी मान वर केली नाही. एका पट्टीला चिकटवून फुंकर घालत होत्या. "नव्याला दोन्ही पट्ट्या पहिल्यापासून उलट्याच लावणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि टेबल माझं आहे."

"आणि रविवारी?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखीचं होतं. इतकी वर्षं मी ते कॅप्टनच्या चेहऱ्यावर बघत आले होते. "दोन दिवसांचंच काम आहे," त्या म्हणाल्या.

रविवार आला आणि पंख वाळलेला नव्हता. तेव्हा कॅप्टननी शिडी लावली. छताला चार कप्प्या, चार दोऱ्या, एका बाजूला वजन, एक छोटी मोटर आणि भिंतीवर दोन बटणं. एका फळीवर पंख तसाच ठेवायचा, बटण दाबायचं, आणि फळी हळूच छताला जाऊन टेकते. खाली टेबल मोकळं. ती जगातली बहुधा सर्वांत लहान लिफ्ट असावी. तपासणी नियमानुसार झाली. कॅप्टन पाठमोरे उभे राहून दाबत होते, वहिनी बघून सांगत होत्या.

"वर दाबतोय."

"वर गेलं."

"खाली."

"खाली आलं." वर-खालीत वहिनींना कधीच अडचण नव्हती.

फळी पुन्हा वर गेली. वहिनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात इतक्या वर्षांची सोफ्यावरची, पलंगावरची, खिडकीतली ताटं एकेक करून येत असावीत.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे आधी नाही सुचलं तुम्हाला?"

कॅप्टननी बोटाचा पापुद्रा सोलला. "आधी टेबल माझं होतं ना," ते म्हणाले.

वहिनींनी हातातला चमचा त्यांच्या दिशेनं फेकला. तो कपाटाकडे गेला, कॅप्टन खिडकीकडे होते.

अजून रविवारी जेवताना वरून कधी कधी बारीक पांढरा भुसा पडतो. जावयाचे वडील एकदा ताटाकडे वाकून बघू लागले, तर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मीठ आहे ते. जेवा तुम्ही."